बारावा परिच्छेद

खाजाभाई मुलाणींनी चौतीस वर्षं दुसऱ्यांचं बोलणं लिहून घेतलं. ते कोर्टात स्टेनो होते. न्यायाधीश बोलायचे, खाजाभाई ते लघुलिपीत उतरवायचे, मग टाइप करून कागद सहीला ठेवायचे. सही झाली की तो निकाल. सही होईपर्यंत त्यातलं अक्षर बाहेर जाता कामा नये, एवढी एकच शिस्त त्या नोकरीत होती, आणि ती त्यांनी इतकी मनावर घेतली की हळूहळू माणसंच तुटत गेली.

सुरुवातीला लोक फार जवळ यायचे. कुणी चहाला बोलवी, कुणी लग्नाची पत्रिका घेऊन घरी येई. बसल्या बसल्या, "आमच्या मॅटरचं काय वातावरण?" असं हळूच विचारी. म्हणून खाजाभाईंनी कोर्टाबाहेरच्या टपरीवर चहा घेणं सोडलं. लग्नांना जाणं सोडलं. बायको जमीला एकदा वैतागून म्हणाली होती, "तुमी दिवसभर एवढं ऐकता, घरी आल्यावर त्यातलं एक तरी सांगा." ते हसले आणि जेवायला बसले.

अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवृत्त झाले आणि बारामतीलगत जळोचीत बांधलेल्या दोन खोल्यांच्या घरात राहायला आले. पुढच्याच वर्षी जमीला गेली. मुलगी समिना लग्न होऊन सोलापूरला. शेजारी नवे, सगळे एमआयडीसीत नोकरीला जाणारे. आता गप्प राहायचं काही कारण उरलं नव्हतं, पण बोलायला कुणी नव्हतं. सकाळी पेपर, दुपारी झोप, संध्याकाळी कालव्याच्या कडेनं एक फेरी. आठवड्यात एकच दिवस वेगळा होता. गुरुवारी ते बाजाराला जात.

अशाच एका गुरुवारी भाजी घेताना त्यांना मागून एक आवाज ऐकू आला. "वांगी घ्या, आजच तोडल्यात." खाजाभाई जागीच थांबले. वर्षानुवर्षं मान खाली घालून लिहिल्यामुळं त्यांना माणसं चेहऱ्यानं कमी आणि आवाजानं जास्त ध्यानात राहत. हा आवाज त्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यातून ऐकला होता. "माझ्या घरात संडास हाय. सासू अंथरुणाला खिळली तवा बांधला. दाखला मागाय चार येळा गेले, पंचायतीला कुलूप हुतं."

छबूबाई. इंदापूर तालुक्यात, कळसच्या पलीकडं तिचं गाव. गावाचं आणि त्या कोर्टाचंही नाव इथं घेण्याचं कारण नाही. खाजाभाईंच्या बदल्या चार जिल्ह्यांत झाल्या होत्या; त्यातलं ते एक कोर्ट समजावं.

प्रकरण दिसायला लहान होतं. छबूबाईनं ग्रामपंचायतीला, बाईसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. अर्जाला घरी शौचालय असल्याचा दाखला जोडायचा होता. दाखला पंचायतीनं द्यायचा. पंचायत होती मोहनरावांच्या ताब्यात, आणि समोरची उमेदवार होती मोहनरावांची सून, सुप्रिया. अर्जाचे शेवटचे चार दिवस ग्रामसेवक रजेवर गेला आणि दप्तराच्या कपाटाची किल्ली मोहनरावांच्या घरी राहिली. दाखला नाही म्हणून छबूबाईचा अर्ज बाद झाला. सुप्रिया बिनविरोध निवडून आली आणि गावानं हलगी लावून मिरवणूक काढली. छबूबाई कोर्टात गेली.

तेव्हा कोर्टात विजयसिंह सावरीकर हे न्यायाधीश होते. खाजाभाईंनी बावीस न्यायाधीश पाहिले. कुणी कडक, कुणी आळशी, कुणी विद्वान. कलमं तीच असत, पुस्तकं तीच असत, पण निवडणूक जवळ आली की काही प्रकरणांच्या तारखा लांब पडत, वरचं सरकार बदललं की कालपर्यंत सरळ वाटणाऱ्या वाक्याला नवाच अर्थ फुटे, हे त्यांनी इतक्या वेळा पाहिलं होतं की त्याचं आश्चर्य वाटेनासं झालं होतं. सावरीकर साहेब त्यातले नाहीत असं त्यांना वाटे. साहेब एकटे राहत, दुपारी चेंबरमध्ये एकटेच डबा खात. भिंतीच्या अलीकडं खाजाभाई आपला डबा खात. तीन वर्षं दोघांनी असं एका भिंतीला पाठ लावून जेवण केलं.

छबूबाईच्या निकालाचं डिक्टेशन एका शुक्रवारी झालं. साहेब येरझाऱ्या घालत बोलत होते. बाराव्या परिच्छेदाला ते थांबले, खिडकीबाहेर बघत राहिले, आणि मग एका दमात सांगत गेले. खाजाभाईंची पेन्सिल धावत होती. एरवी ते अर्थाकडं लक्ष देत नसत, त्यानं हात अडखळतो. त्या दिवशी मात्र अर्थ आपोआप आत शिरला. साहेबांचं बोलणं संपलं तेव्हा खाजाभाईंनी मान वर करून पाहिलं, जे ते कधी करत नसत.

"काय मुलाणी, बरोबर आहे ना?" साहेबांनी विचारलं.

"मी काय सांगणार साहेब," खाजाभाई म्हणाले. पण त्यांना फार बरं वाटलं होतं.

शनिवारी अर्ध्या दिवसानंतर साहेबांकडं एक पाहुणे आले. कॉलेजातले जुने मित्र, आता वकिली कमी आणि पक्षाचं काम जास्त. सोबत डाळिंबाची एक पेटी. पाऊण तास चेंबरचं दार बंद होतं. आतून हसण्याचा आवाज येत होता. जाताना पाहुण्यांनी खाजाभाईंनाही नमस्कार केला.

सोमवारी साहेबांनी टाइप केलेले कागद मागवले, चाळले आणि म्हणाले, "मुलाणी, तो बारावा परिच्छेद काढा. तेराव्याचा बारावा करा. आणि शेवट बदलतो, लिहून घ्या."

शेवट चार ओळींचा होता. नियम स्पष्ट आहे, दाखला जोडलेला नाही, अर्ज फेटाळणं योग्य, याचिका नामंजूर. खाजाभाईंनी ते टाइप केलं, जुनी पानं नेहमीप्रमाणं फाडली आणि नवी सहीला ठेवली. सही झाली. साहेबांना सहा महिन्यांनी बढती मिळाली. ती ज्येष्ठतेनं मिळायचीच होती, त्याचा आणि या निकालाचा संबंध होता असं कुणी म्हणू शकणार नाही. खाजाभाईंनीही म्हटलं नाही.

आणि आता पाच वर्षांनी ती बाई त्यांच्यासमोर वांगी तोलत होती. तिनं त्यांना ओळखलं नाही. पिंजऱ्यात उभं राहिलेलं माणूस न्यायाधीशाकडं बघतं, खाली बसून लिहिणाऱ्याकडं नाही.

त्यानंतर खाजाभाई दर गुरुवारी तिच्याकडूनच भाजी घेऊ लागले. एकट्याला लागते तेवढी, पाव किलो हे, अर्धा किलो ते. ती सकाळच्या टेम्पोनं येई, दुपारनंतर परत जाई. दोन-चार वाक्यं बोलणं होई. पाऊसपाणी, गवारीला लागलेली कीड, तिच्या पुतणीचं, वैष्णवीचं कॉलेज. तेवढंच बोलणं आठवडाभर पुरवून वापरावं तसं ते घरी नेत.

एका गुरुवारी त्यांच्या हातात इंग्रजी पेपर होता. छबूबाईनं तो पाहिला.

"भाऊ, तुमाला विंग्रजी वाचाया येतं?"

"येतं थोडंफार."

"मग माजं एक काम करा." तिनं पिशवीतून प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली घडी काढली. "हा माजा निकाल हाय, कोर्टाचा. वकील म्हनला विरोधात गेला, एवढंच. पंचायतीची मुदत सपून वरीस झालं, आता निवडणूक लागलीय. मला परत फारम भरायचाय. पर मोहनराव गावात सांगत फिरत्यात, हिला कोर्टानंच नालायक ठरीवलीय म्हनून. पाच वरसं ह्येच ऐकतीया. तुमी वाचा आन् खरं सांगा. तसं लिवलंय का?"

खाजाभाईंनी घडी उघडली. पहिल्याच पानाखाली डाव्या कोपऱ्यात त्यांच्याच नावाची आद्याक्षरं होती. टाइप करणाऱ्यानं घालायची पद्धत असते. त्यांनी सगळी पानं वाचली, वाचायची गरज नसताना वाचली. मग म्हणाले, "नालायक असं कुठंही लिहिलेलं नाही. फक्त त्या वेळी दाखला जोडला नव्हता, एवढंच आहे. तुम्ही आता दाखला घेऊन अर्ज भरू शकता."

"नक्की?"

"नक्की."

तिनं कागद परत घेतले. तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी सैल झालं. वांग्याचं वजन करताना तिनं दोन वांगी जास्त टाकली. "मंजी कोर्टाला माजं म्हननं कळलंच न्हाय," ती म्हणाली. "कळलं असतं तर आसं कशाला लिवलं असतं. मलाच नीट सांगता आलं न्हाय. आडानी मानूस."

खाजाभाई पिशवी घेऊन निघाले. ती जास्तीची दोन वांगी त्यांना फार जड झाली. कोर्टाला तिचं म्हणणं नीट कळलं होतं. कोर्टाला ते किती नीट कळलं होतं, हे जगात तीनच माणसांना ठाऊक होतं: एक साहेब, एक ते पाहुणे आणि तिसरे आपण.

चार दिवस त्यांनी मनाशी घोळ घातला. सही नसलेला परिच्छेद म्हणजे कायद्यानं काहीच नाही. न्यायाधीशाला सही होईपर्यंत मत बदलायचा अधिकार आहे, तो हवाच. स्टेनोनं तोंड उघडलं तर उद्या कुठलाच न्यायाधीश मोकळेपणी बोलणार नाही. ही सगळी कारणं खरी होती. पण ती बाई स्वतःला अडाणी म्हणत होती, तेही डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

मंगळवारी दुपारी त्यांनी सावरीकर साहेबांना फोन लावला. साहेब गेल्या वर्षी निवृत्त होऊन पुण्यात राहत होते.

"मुलाणी? बोला, बोला." साहेबांचा आवाज थकलेला, पण आनंदलेला होता. "अहो, निवृत्त झाल्यापासून कोर्टातला कुणाचा फोन नाही. कसे आहात?"

खाजाभाईंनी जमीलाचं सांगितलं. साहेब हळहळले. मग खाजाभाई म्हणाले, "साहेब, छबूबाईचं ते निवडणुकीचं प्रकरण आठवतंय? बारावा परिच्छेद?"

 पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"आठवतं," साहेब म्हणाले. "का?"

"ती बाई इथं बाजारात बसते. तिला वाटतं, तिला नीट सांगता आलं नाही म्हणून हरली."

 मग साहेब हळूहळू बोलू लागले, डिक्टेशन देताना बोलत तसे, शब्द निवडून. "मुलाणी, तुम्हाला वाटत असेल मला कुणी धमकावलं. तसं काही नाही. त्यानं माझ्याकडं काही मागितलंसुद्धा नाही. कॉलेजच्या आठवणी काढल्या. बोलता बोलता मीच त्याला शुक्रवारच्या डिक्टेशनचं सांगून बसलो. मग सहज म्हणाला, 'अरे, संडासाच्या दाखल्याच्या प्रकरणात तू संविधान कशाला आणतोस? वरचे लोक म्हणतील, सावरीकर तालुक्याच्या कोर्टात बसून क्रांती करायला निघाला. तुझं नाव आत्ता बढतीच्या यादीत आहे.' एवढंच. रविवारी मी ते पुस्तक पुन्हा उघडलं आणि नियमाचा दुसरा अर्थही निघतो, असं मला दिसायला लागलं. निघतोही, मुलाणी. चुकीचा म्हणता येणार नाही असा अर्थ आहे तो. फक्त शुक्रवारी मला तो दिसला नव्हता."

"साहेब, मी तिला सांगू का? शुक्रवारचं?"

"ज्यावर सही झाली तो निकाल. बाकी काही नाही. हे मी तुम्हाला सांगायला नको."

"होय साहेब. पण सही तुमची असली तरी लिहिलं मी होतं."

असं वाक्य खाजाभाई आयुष्यात कुठल्याही साहेबाशी बोलले नव्हते. 

"मी हो म्हणणार नाही," साहेब शेवटी म्हणाले. "नाही म्हणायचा अधिकार मला राहिलेला नाही." आणि जरा थांबून, "मधून मधून फोन करत जा." खाजाभाईंनी बरं म्हटलं. तो फोन त्या दोघांचा शेवटचा ठरला. पुढं करावासा दोघांनाही वाटला असेल, पण करून बोलायचं काय?

गुरुवारी खाजाभाई मुद्दाम उशिरा, गर्दी ओसरल्यावर गेले. छबूबाई रिकामे क्रेट एकात एक घालत होती. त्यांनी आधी आपण कोण ते सांगितलं. ती क्रेट हातात धरून तशीच राहिली.

"तुमी खाली बसून लिवत हुता? चष्मेवालं?"

"हो."

मग त्यांनी तिला शुक्रवार सांगितला, शनिवार सांगितला, सोमवार सांगितला. पाहुण्यांचं नाव घेतलं नाही. आणि शेवटी बारावा परिच्छेद मराठीत करून सांगितला. त्यांना तो तोंडपाठ होता.

"साहेब म्हणाले होते, दाखला देणारा आणि निवडून येऊ पाहणारा एकाच घरचा असेल, तर दाखला नाही हे कारण त्या घराला पुढं करता येणार नाही. संविधानानं गावाला मत दिलं आहे. ते मत एका कपाटाच्या किल्लीत अडकवून ठेवता येत नाही. ही बाई पंचायतीच्या दारात चार वेळा गेली, म्हणजे तिनं नियम पाळला. नियम पंचायतीनं मोडला. आणि गावात मतदानच झालं नाही, ही गोष्ट भूषणाची नाही."

छबूबाईनं सगळं ऐकून घेतलं. "परत सांगा," ती म्हणाली. त्यांनी परत सांगितलं. तिचे ओठ हलत होते.

"मंजी मला सांगता आलं हुतं."

"फार चांगलं सांगितलं होतं तुम्ही."

तिनं पदरानं तोंड पुसलं. खाजाभाईंना वाटलं, आता ती रडेल, किंवा आभार मानेल. दोन्ही झालं नाही. तिनं त्यांच्याकडं थेट पाहिलं.

"पाच वरसं माज्या पोराला लोक म्हनायचं, तुज्या आईला कोर्टानं हाकललं. ह्ये सगळं तुमाला तवाच ठावं हुतं."

"माझं काम लिहून घ्यायचं होतं, बाई. बोलायचं नव्हतं."

"आन् माजी वांगी खाताना? सा महिने झालं, दर गुरवारी येताय."

 तिनं क्रेट उचलले. "जावा आता," ती म्हणाली. रागानं नाही. दुकान बंद करणारं माणूस म्हणतं तसं.

अर्ज भरायच्या दिवशी तिनं काय केलं ते खाजाभाईंना नंतर बाजारातल्याच दुसऱ्या बाईकडून कळलं. दाखल्यासाठी ती पंचायतीत गेली. मोहनराव ओट्यावर बसले होते. माणसं होती. तिनं उभ्या उभ्या तो परिच्छेद म्हटला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, पाठ केलेला. मोहनराव हसून म्हणाले, हे कुठल्या कागदावर आहे ते दाखव. ती म्हणाली, "कागदावर न्हाय. म्हनूनच म्हनून दाखवतीया." कागदावर नव्हतं तेव्हा त्याला किंमतही नव्हती. पण चार माणसांनी ऐकलं, आणि त्यातला एक ग्रामसेवक होता, नवा, पुरंदरकडचा तरुण गडी. त्यानं त्याच दिवशी दाखला लिहून दिला.

सुप्रियाविरुद्ध निवडणूक झाली. त्या वॉर्डात अकरा वर्षांनी मतदान झालं. छबूबाई एकोणीस मतांनी पडली.

निकालानंतरच्या गुरुवारी ती बाजारात आली होती. खाजाभाई जरा लांब उभे राहिले, मग पुढं गेले. तिनं कुठल्याही गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "काय देऊ?"

"गवार. पाव किलो." आणि मग त्यांच्यानं राहवलं नाही. "वाईट वाटलं ऐकून."

"वाईट कशाचं?" ती तराजूकडं बघत म्हणाली. "एकशे चौऱ्याऐंशी मानसांनी माज्या नावाफुडं बटन दाबलं. तवा दाबू दिलं असतं तर किती झाली असती, कुनाला ठावं. तवा समदी माज्या बाजूनं हुती." तिनं गवार पिशवीत ओतली. वजन बरोबर पाव किलो होतं, शेंग कमी नाही, शेंग जास्त नाही.

त्या संध्याकाळी त्यांनी सोलापूरला समिनाला फोन केला आणि तिला हे सगळं पहिल्यापासून सांगायला घेतलं. कोर्टातली गोष्ट घरच्या माणसाला सांगायची ही त्यांची पहिलीच वेळ. सांगताना ते सारखे अडखळत होते, कुठून सुरुवात करावी, कुणाचं नाव घ्यावं, काय गाळावं. समिनानं ऐकलं. मध्येच तिच्या घरी पाहुणे आले, ती म्हणाली, "अब्बा, उद्या सांगा पुढचं." दुसऱ्या दिवशी तिनं आठवणीनं फोन केलाही, पण तोवर खाजाभाईंना पुढचं सांगण्यासारखं काही उरलंय असं वाटलं नाही. झालं असं सगळं, एवढंच ते म्हणाले.

पुढं छबूबाई बारामतीला यायची बंद झाली. इंदापूरचा रविवारचा बाजार तिला जवळ पडतो, भाड्याचे पैसे वाचतात, असं त्या दुसऱ्या बाईनं सांगितलं. ते खरंही असेल. खाजाभाई आता त्या बाईकडून भाजी घेतात. ती बोलकी आहे, पण तिचा आवाज त्यांच्या ध्यानात राहत नाही. एकदा रविवारी इंदापूरला जाऊन यावं असं दोन-तीनदा त्यांच्या मनात आलं. एकदा तर ते कपडे करून एसटी स्टँडपर्यंत गेलेही. गाडी लागलेली होती. पण पाव किलो भाजीसाठी कुणी पन्नास किलोमीटर जात नाही, हे तिलाही कळलं असतं. ते थोडा वेळ बाकावर बसले, गाडी सुटली, आणि मग ऊन चढायच्या आत चालत जळोचीला आले.